येळवशीची भज्जी: दाणे आधी, आंबट शेवटी

वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, लातूर-धाराशिवकडची जेवणं शेतात होतात. सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे, आंबील, गव्हाची खीर, तिळाची पोळी, वांग्याचं भरीत असं पुष्कळ काही टोपल्यातून शेतावर जातं, पण त्या दिवसाचं मुख्य कालवण भज्जीच. तेलात तळायच्या भज्यांशी तिचा काही संबंध नाही. तूर, वाटाणा, पावटा, हरभरा यांचे ओले दाणे, चार-पाच पालेभाज्या, गाजर, चिंच आणि हे सगळं धरून ठेवायला हरभऱ्याचं पीठ, अशी ती दाट, पळीवाढी भाजी असते.

भज्जी थोडक्यात करता येत नाही. इतके प्रकार घालायचे म्हटल्यावर एकेकाची मूठ धरली तरी भगुणं भरत येतं. शिवाय येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात, त्यामुळे घरची माणसं मोजून स्वयंपाक करून भागत नाही. पुढचं माप पंचवीस पानांचं आहे.

करताना एकच गोष्ट धरून ठेवतो: दाणे पुरते शिजल्याशिवाय त्यांना आंबट लागू द्यायचं नाही. चुका आंबट, चिंच आंबट, हरभऱ्याच्या पाल्यावरही आंब असते. यातलं काहीही दाण्यांबरोबर सुरुवातीलाच पडलं की दाणे मऊ होता होत नाहीत. दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सैल होत नाही, हे त्याचं कारण. मग तासभर जाळ घातला तरी तूर दाताखाली कचकचते आणि पालेभाजीचा मात्र काळा लगदा होतो. भज्जी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच. म्हणून आम्ही दोन भांडी वापरतो, एकात दाणे आणि दुसऱ्यात पाला. दोन्ही तयार झाल्यावरच त्यांची गाठ घालायची.

भज्जीत काय घालायचं हे शेत ठरवतं, आणि शेतात काय असेल हे अमावस्या कधी येते त्यावर असतं. मार्गशीर्षातली ही अमावस्या कधी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर कधी जानेवारीच्या दुसऱ्या. अधिक महिन्यामुळे ही तारीख मागं-पुढं सरकते. २०२४ मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला आली. ऑक्टोबरच्या मध्यात पेरलेला हरभरा १९ डिसेंबरला पासष्ट दिवसांच्या आसपास असतो. झाडाला फुलं असतात, घाटे नुकतेच धरलेले आणि आत पोकळ. अशा वर्षी सोलाण्यांचा, म्हणजे हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांचा, हट्ट धरू नये, पाला घ्यावा. जानेवारीत अमावस्या आली तर उलटं होतं. घाटे भरलेले सापडतात, पण पाला जून झालेला असतो आणि शेंड्याचा देठ तोंडात राहतो. तेव्हा उशिरा पेरलेलं रान शोधून फक्त वरचे दोन बोटं शेंडे खुडावेत.

तुरीचंही तसंच. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं लवकर येणारं वाण आहे, साधारण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांचं. जूनअखेर पेरलेली ही तूर येळवशीपर्यंत बहुतेक वाळलेली असते. बीएसएमआर ७३६ या वाणाची तूर तिच्यापेक्षा तीनेक आठवडे मागं असते, तिच्यावर हिरव्या शेंगा मिळतात. शेंग घेताना रंगावर जाऊ नये, दोन बोटांत दाबून बघावी. दाणा भरलेला लागला आणि शेंगेची साल अजून ओलसर असली तर ती घ्यायची. शेंगेवर पिवळसर झाक आली, आतल्या दाण्याची साल कातडीसारखी चिवट झाली की तो दाणा भज्जीत वेगळा पडतो, शिजून फुटतो पण साल तोंडात फिरत राहते. भोक पडलेल्या शेंगेत अळी असते, ती बाजूला काढावी. आणि रान दुसऱ्याचं असेल तर फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय एकही शेंग तोडू नये. औषधाच्या डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस उलटलेले असले पाहिजेत. पाल्याच्या बाबतीत तर हे जास्तच पाळावं, कारण औषध थेट पानावर बसतं आणि हरभऱ्याचं पान चिकट असतं.

आता माप. तुरीचे सोललेले दाणे पाऊण किलो, त्यासाठी दोन किलो शेंगा धराव्यात. वाटाण्याचे दाणे अर्धा किलो, पावट्याचे चारशे ग्रॅम, सोलाणे मिळाले तर पाव किलो, नाही मिळाले तर तेवढी तूरच वाढवायची. कच्चे शेंगदाणे दोनशे ग्रॅम, रात्री भिजत घातलेले. गाजर अर्धा किलो. पालक चार जुड्या, मेथी दोन जुड्या, चुका दोन जुड्या, हरभऱ्याचा पाला पाव किलो, कांद्याची पात दोन जुड्या, कोथिंबीर एक मोठी जुडी. हरभऱ्याचं पीठ तीनशे ग्रॅम, चिंच साठ ग्रॅम, हिरव्या मिरच्या सव्वाशे ग्रॅम, लसणाचे चार गड्डे, जिरे तीन चमचे, हळद दोन चमचे, मीठ सत्तर ते ऐंशी ग्रॅम, तेल पाव लिटर. तेल करडईचं असेल तर भज्जीला तेच शोभतं. गूळ सुपारीएवढा, तोही चुका फार आंबट निघाला तरच. तयार भज्जी सात किलोच्या आसपास भरते, म्हणून दाण्यांचं भगुणं दहा लिटरचं आणि जाड बुडाचं हवं.

वांगं आम्ही भज्जीत घालत नाही. पुष्कळ घरी घालतात, पण ते शिजून गळतं, बियांची कणकण राहते आणि ताटात भरीत असतंच. बटाट्यालाही इथं जागा नाही. त्याच्या पिठुळपणानं दाट होते खरी, पण दाण्यांची चव दबते. शेपू मात्र मूठभर असावा. त्याहून जास्त झाला तर सगळ्या भाजीला त्याचाच वास येतो.

पाला निसणं हे भज्जीतलं सगळ्यात वेळखाऊ काम, आणि ते आदल्या संध्याकाळीच उरकावं. पालकाचे कोवळे देठ ठेवावेत. मेथीची फक्त पानं आणि वरचं शेंडं घ्यावं, फुलावर आलेली मेथी घेऊच नये, ती कडू निघते. चुक्याचे देठ रसाळ असतात, ते टाकू नयेत. धुताना आपल्या काळ्या मातीची काळजी घ्यावी लागते. ती चिकणी असते आणि पानाच्या खोबणीत धरून बसते. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन पाला त्यात बुडवायचा, हातानं हलवायचा, मिनिटभर थांबायचं आणि पाला वरचेवर उचलून दुसऱ्या पाण्यात टाकायचा. घमेलं चाळणीवर उपडं केलं की तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलावं. तीन-चार पाणी लागतातच. हरभऱ्याचा पाला घरी सुका करतात तेव्हा आंब जाऊ नये म्हणून धूत नाहीत. भज्जीत चुका आणि चिंच असल्यानं ती आंब गेली तरी अडत नाही, तेव्हा तोही धुवावा. चिरायचं मात्र सकाळी, शिजवायच्या आधी. रात्री चिरलेला पाला काळवंडतो.

दाण्यांच्या भांड्यात अडीच लिटर पाणी उकळायला ठेवावं. पाणी बोअरचं आणि जड असेल तर दाणे शिजायला त्रास देतात, कारण त्यातले क्षार दाण्याची साल घट्ट करतात. गावात पिण्याचं गोडं पाणी मिळत असेल तर ते घ्यावं. सोड्याची चिमूट टाकायची सवय पुष्कळांना आहे. दाणे त्यानं लवकर मऊ होतात हे खरं, पण ओल्या दाण्याला त्याची गरज नसते. साल सुटते, दाणा फुटतो, त्यातलं ब जीवनसत्त्व जातं आणि नंतर आंबट पडल्यावर फेस येतो. आम्ही घालत नाही.

उकळी आल्यावर सगळ्यात आधी भिजलेले शेंगदाणे, कारण त्यांना अर्धा तास लागतो. दहा मिनिटांनी तूर आणि पावटा. आणखी आठ मिनिटांनी वाटाणा आणि सोलाणे. शेवटच्या आठ मिनिटांत गाजराच्या बोटभर लांब फोडी. झाकण पूर्ण लावू नये, फट ठेवावी, नाहीतर पावट्याचा फेस उतू जातो आणि त्याचा उग्र वासही आत कोंडतो. हळद पाण्यातच घालावी, मीठ आत्ता नको. कुकरची घाई असली तर फक्त शेंगदाणे आणि तूर एका शिट्टीपुरती लावावी, बाकी सगळं उघड्या भांड्यात. वाटाणा कुकरात गेला की त्याचं पिठलं होतं.

दाणा शिजला की नाही हे पळीतून एक दाणा काढून अंगठा आणि तर्जनीत दाबून बघायचं. तुरीचा दाणा दाबला की दोन डाळिंब्यांत मऊसर पसरला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. मात्र प्रत्येक प्रकारचा दाणा वेगळा तपासावा. वाटाणा मऊ लागला म्हणून तूर झाली असं धरून चालत नाही.

दुसऱ्या भांड्यात, पाच-सहा लिटरच्या, पाल्याचं काम चालू ठेवायचं. हे भांडं आणि दाण्यांचं भगुणंही स्टीलचं किंवा कल्हई केलेलं पितळेचं असावं. चुका आणि चिंच बिनकल्हईच्या पितळेत कळकतात, आणि ॲल्युमिनियमलाही आंबट चालत नाही, भाजीला धातूची चव लागते. दोन वाट्या पाण्यात आधी मेथी आणि हरभऱ्याचा पाला, पाच मिनिटांनी पालक, शेपू आणि पात, शेवटी चुका. चुका बघता बघता विरघळतो आणि पाल्याचा हिरवा रंग पिवळसर होतो. आंबटामुळे तसं होणारच, भज्जीचा रंग तसाच असतो. त्यावर उपाय शोधू नये. मेथी एकूण पाल्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नसावी, कडवटपणा मग सांभाळता येतो.

पाला खाली बसला की मिरच्या आणि निम्मा लसूण पाट्यावर किंवा मिक्सरात जाडसर वाटून त्यात घालायचे आणि रवीनं घोटायचं. अगदी गुळगुळीत करू नये, पानाचे धागे दिसले पाहिजेत. मिक्सरात पाला फिरवला की भज्जी पालकाच्या रश्शासारखी लागते, दाण्यांभोवती बसत नाही.

मग पीठ. तीनशे ग्रॅम पिठाला साधारण एक लिटर गार पाणी, थोडं थोडं घालत, हातानं गुठळ्या मोडत. गरम पाण्यात कालवलं किंवा कोरडं पीठ उकळत्या भाजीत भुरभुरलं तर पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजून घट्ट होतं आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. त्या गुठळ्या नंतर रवीनंही मोडत नाहीत. पाल्याच्या भांड्याखालचा जाळ कमी करून कालवलेलं पीठ एका हातानं धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं रवी चालूच ठेवायची. पाच-सात मिनिटं असं घोटत शिजवायचं. आधी वरचा फेस पांढरट दिसतो, मग तो बसतो आणि पिठाचा कच्चा वास जाऊन खमंग वास येतो. पीठ दाण्यांच्या भांड्यात न घालता पाल्यात घालायचं कारण हेच, की इथं मनसोक्त घोटता येतं. दाण्यांत एवढं घोटलं तर गाजर आणि वाटाणा चेंदून निघेल. पीठ आधी भाजून घेणारेही आहेत. भाजलेलं पीठ चवीला चांगलं असतं, पण दाटपणा कमी देतं आणि मग जास्त घालावं लागतं.

दाणे झाले, पाला झाला, की पाल्याचं भांडं दाण्यांच्या भगुण्यात ओतायचं. आता मीठ. पाला आकसून किती उरला हे इथं दिसतं, आधी घातलं तर अंदाज हमखास चुकतो. चिंचेचा कोळही आताच, पण आधी अर्धाच. चुका कोणत्या रानातला, किती कोवळा, यावर आंबटपणा बदलतो, म्हणून चव घेऊन उरलेला कोळ घालायचा. मंद जाळावर दहा-बारा मिनिटं शिजू द्यायचं. या वेळी लाकडी उलथणं बुडापासून सरळ फिरवावं, रवी बाजूला ठेवावी. पीठ असल्यानं बूड लागायला वेळ लागत नाही. शेतात चूल मांडून शिजवायचं असेल तर तुराट्या आणि पऱ्हाट्या पाणी उकळण्यापुरत्या ठीक, भडकन पेटतात आणि विझतात. या शेवटच्या टप्प्याला बाभळीचं सरपण लावून निखाऱ्यावर शिजवावं आणि वाऱ्याच्या बाजूला दगड लावावा, नाहीतर भगुण्याची एकच बाजू तापते आणि तिथंच करपते.

फोडणी शेवटी. तेल चांगलं तापवून मोहरी, जिरे, मग ठेचलेला उरलेला लसूण. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की कढई उतरायची, तेलाच्या उष्णतेनं तो पुढं आणखी भाजला जातो. पूर्ण तांबडा होईपर्यंत चुलीवर ठेवला तर कडू होतो आणि तो कडवटपणा मेथीच्या माथी मारला जातो. फोडणी भज्जीवर ओतून झाकण ठेवायचं, पाच मिनिटांनी हलवायचं, मग कोथिंबीर. ज्यांच्या घरी नैवेद्याला लसूण चालत नाही त्यांनी वाटणात आणि फोडणीत लसूण न घालता नैवेद्यापुरती भज्जी आधी काढून जिऱ्याची फोडणी वेगळी द्यावी.

घरी शिजवून शेतावर न्यायची असेल तर दाटपणाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. गार होताना पीठ घट्ट धरतं आणि दाणेही पाणी ओढतात. घरून निघताना भज्जी पळीतून सलग धारेनं पडली पाहिजे. पळीतून लपकन पडायला लागलेली भज्जी दोन तासांनी सुरीनं कापावी लागेल. तेवढी सैल ठेवण्यासाठी कढत पाणी घालावं, गार पाणी नको, आणि पाणी घातल्यावर एक उकळी द्यावी. भगुणं कढत असतानाच निघावं. झाकणाखाली सुती फडकं बांधावं म्हणजे वाफेचं पाणी भाजीवर टपकत नाही. दुपारपर्यंत ती कोमटच पडून राहिली तर आंबायला वेळ लागत नाही, म्हणून शेतात पोचल्यावर पूजा होईपर्यंत भगुणं मंद निखाऱ्यावर ठेवावं.

बिघडलेलं सावरता येतं, पण सगळंच नाही. फार आंबट झाली तर उकडून घोटलेला पालक किंवा उकडलेले दाणे घालावेत. गूळ थोडाच, नाहीतर ती आमटी होते. सोडा घालून आंबट मारायला जाऊ नये, साबणासारखी चव येते. पातळ राहिली तर चार पळ्या भाजी बाजूला काढून, त्यातले दाणे वाटीच्या बुडानं चेंदून परत घालावेत. वरून पीठ भुरभुरू नये. बूड लागलं तर खरवडायचं नाही, वरची भाजी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची. खारट झाली तर पाणी आणि उकडलेले दाणे वाढवण्याला पर्याय नाही. दाणे कच्चे राहिले आणि आंबट पडून गेलं, तर मात्र इलाज फारसा नाही. मंद जाळावर झाकून ठेवावं आणि पाला गळेल हे मान्य करावं.

पाऊस कमी झालेल्या वर्षी ओला दाणा मिळत नाही. तेव्हा वाळलेला वाटाणा, हरभरा आणि मटकी वापरावी. वाटाणा आणि हरभरा दहा तास भिजवून, तूप-तेल काही न घालता वेगवेगळे शिजवावेत, कारण दोघांचा वेळ जुळत नाही. मटकी सहा तासांत भिजते आणि लवकर शिजते. वाळलेले दाणे भिजून आणि शिजून दुपटीच्या पुढे जातात, त्यामुळे वजन ओल्याच्या निम्म्याहून कमी घ्यावं. अशा भज्जीला पाला जास्त लागतो, एरवीच्या दीडपट तरी, नाहीतर ती उसळ होते.

वाढताना भज्जी उंड्यावर घालू नये, शेजारी घालावी. उंडा मोडून, मध्ये खळगा करून त्यात भज्जी आणि वरून कच्चं तेल किंवा तूप घेतात. उरलेली भज्जी घरी नेल्यावर लगेच खळखळून उकळावी आणि पसरट भांड्यात गार करावी, खोल भगुण्यात मधला भाग तासन्तास कोमट राहतो. फ्रिज असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगली राहते. गरम करताना किलोला अर्धी वाटी कढत पाणी घालून मंद जाळावर हलवत राहावं. शिळ्या भज्जीबरोबर ज्वारीची कडक भाकरी घ्यावी, सजगुऱ्याच्या मऊ भाकरीपेक्षा ती हिला जास्त चांगली लागते.